हे उत्तर वाचतं कोण? सामाईक अनुदान अर्ज नव्याने लिहिताना

नाशिक जिल्ह्यातल्या आम्हा काही संस्थांचा आणि आम्हाला निधी देणाऱ्यांचा मिळून एक सामाईक अर्ज आहे. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या काही कंपन्यांचे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) विभाग आणि शहरातले एक-दोन जुने कौटुंबिक न्यास तो स्वीकारतात. प्रस्ताव एकदाच लिहायचा आणि तोच सगळ्यांकडे द्यायचा, अशी सोय. कंपनी कायद्याचं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीवर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी आली. मग प्रत्येक कंपनीने आपापला फॉर्म काढला. एकीकडे 'उद्दिष्टे' विचारायचे, दुसरीकडे 'अपेक्षित फलित', तिसरीकडे दोन्ही. तेच पाणी, तोच पाडा, तेच बजेट, आणि लिहायचं मात्र दरवेळी नव्याने. त्या वैतागातून सामाईक अर्ज तयार झाला होता.

मी पेठ-सुरगाणा भागात पिण्याच्या पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेत प्रस्ताव आणि हिशेब पाहते. अर्ज नव्याने लिहायचा ठरला तेव्हा संस्थांच्या बाजूने मी त्या गटात होते. हे काम कसं झालं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण इतर जिल्ह्यांतले लोक विचारतात की तुमचा फॉर्म पाठवा. फॉर्म पाठवता येतो. त्यातला एकेक प्रश्न का राहिला आणि का गेला, हे त्याच्यासोबत जात नाही.

जुना अर्ज मोडीत निघाला तो कायद्यांमुळे. २०२०-२१ या दीड-दोन वर्षांत संस्थांच्या पायाखालची जमीनच बदलली. विदेशी देणगी कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि विदेशी निधी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे देणं बंद झालं. मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या तालुका पातळीवरच्या कितीतरी छोट्या संस्था त्यामुळे थेट कंपन्यांच्या दारात आल्या. त्यांनी असा अर्ज आयुष्यात कधी भरला नव्हता. आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की मिळाली. आता ती ठरावीक मुदतीची झाली आणि सगळ्यांना पुन्हा अर्ज करावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा सरकारी फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय कोणत्याही संस्थेला कंपनीचं काम घेता येईना. आमच्या जुन्या अर्जात यातल्या कशालाही जागा नव्हती. मग फंडर, म्हणजे निधी देणारी मंडळी, मूळ अर्जासोबत 'पुरवणी माहिती' म्हणून आपापली पानं जोडायला लागली. पाहता पाहता पुरवण्या अर्जापेक्षा जाड झाल्या आणि सामाईकपणा नावापुरता उरला.

पहिल्या बैठकीत सगळ्यांना वाटत होतं की नव्या नोंदणी क्रमांकांचे चार रकाने वाढवले की काम झालं. त्या वेळी एका न्यासाच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी एक सूचना केली आणि पुढचं सगळं काम त्या सूचनेवर चाललं. ते म्हणाले, "आधी आहेत ते प्रश्न वाचू. प्रत्येक प्रश्नापाशी थांबून आम्हा देणाऱ्यांना विचारा, हे उत्तर तुमच्यापैकी वाचतं कोण, आणि त्यावरून तुमचं काय ठरतं? कोणी वाचत नसेल तर प्रश्न काढून टाका."

ऐकायला सोपं वाटतं. करताना घाम फुटला. 'संस्थेची स्थापना, इतिहास व प्रेरणा' हा प्रश्न घ्या. हजार शब्दांची मर्यादा होती आणि संस्था ते हजार शब्द मनापासून लिहायच्या. फंडरच्या बाजूने उत्तर आलं की आम्ही पहिला परिच्छेद वाचतो. 'संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी व धोके' हा तक्ता तर कोणीच वाचत नव्हतं. तो कुठल्याशा प्रशिक्षणातून अर्जात आला होता आणि ठाण मांडून बसला होता. 'प्रकल्पाचे स्वतंत्र प्रभाव मूल्यमापन कसे कराल' हा प्रश्न सगळ्यांना होता, अगदी दीड लाखाच्या वाचनालयालाही. नियमात हे बंधन आहे ते कंपन्यांवर, तेही ज्यांची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांच्यावर, आणि १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरतं. आमच्या अर्जातून जाणाऱ्या बहुतेक प्रकल्पांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो प्रश्न गेला.

काही प्रश्न उलट दिशेने आले. एका कंपनीच्या सीएसआर प्रमुख मॅडम म्हणाल्या, "मला अर्जातून हे कधीच कळत नाही की तुमच्या कामात सर्वांत अवघड काय आहे. सगळे अर्ज सगळं नीट चालणार असंच सांगतात. मग सहा महिन्यांनी अडचण आली की मला वरती समजावता येत नाही." त्यातून नवा प्रश्न तयार झाला: 'हे काम कुठे अडू शकतं, आणि अडलं तर तुम्ही काय कराल?' संस्थांच्या बाजूला आधी धास्ती होती, की खरं लिहिलं तर प्रस्ताव बाद होईल. त्यावर उपाय म्हणून प्रश्नाखाली एक ओळ छापली, की या उत्तरावरून अर्ज नाकारला जाणार नाही. ही ओळ फंडरांनी लेखी मान्य केली, तेव्हाच प्रश्न अर्जात घेतला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो बजेटच्या पानावर. तिथे आम्ही खरोखर भांडलो, आणि भांडलो हे बरं झालं.

जुन्या अर्जात बजेटच्या तळाला ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं: 'प्रशासकीय खर्च एकूण रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.' संस्था हे वाक्य इतकी वर्षं वाचत आल्या होत्या की तो सरकारचा नियमच आहे असं सगळे धरून चालले होते. फंडरही तसंच धरून होते. आमच्या गटात एक सीए होत्या. त्यांनी नियम उघडून वाचायला लावला. २०२१ च्या नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्या आहे: कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यात धरायचा नाही, असंही तिथेच म्हटलंय. आणि ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या वर्षभराच्या एकूण सीएसआर खर्चावर. म्हणजे ही मर्यादा कंपनीच्या कार्यालयाला आहे. पेठमधल्या संस्थेच्या बजेटला ती कोणी घातलेली नाही.

मग हे वाक्य अर्जात आलं कुठून? २०१४ च्या नियमात कंपनीच्या माणसांची आणि अंमलबजावणी करणाऱ्या संस्थांची क्षमताबांधणी आणि प्रशासकीय खर्च हे सगळं एकाच वाक्यात, एकाच ५ टक्क्यांखाली होतं. ते वाचून कोणीतरी काळजीपोटी ही ओळ लिहिली असणार. नियम बदलला, ओळ राहिली.

वाचून दाखवल्यावरही लगेच पटलं असं नाही. एक अधिकारी म्हणाले, "कायदा काही म्हणो, आमच्या संचालकांना ओव्हरहेड हा शब्द दिसला की ते कात्री काढतात." ही अडचण खरी होती. तेव्हा आम्ही 'ओव्हरहेड' (प्रशासकीय, वरखर्च) ही ओळच बजेटमधून काढली आणि त्या ओळीत जे जे कोंबलेलं असतं ते वेगवेगळं लिहून काढायचं ठरवलं. मी एक नमुना बजेट तयार करून नेलं. १० लाखांचा पाण्याचा प्रकल्प. संस्थेचे एकूण चार प्रकल्प सारख्या आकाराचे आहेत, म्हणून सामाईक खर्चाचा चौथा हिस्सा या प्रकल्पावर, असं धरलं. लेखापालाचा पगार महिना १८,००० रुपये, वर्षाचे २,१६,००० रुपये, चौथा हिस्सा ५४,००० रुपये. कार्यालयाचं भाडं महिना ६,००० रुपये, हिस्सा १८,००० रुपये. ऑडिट फी वर्षाला ४०,००० रुपये, हिस्सा १०,००० रुपये. वीज, इंटरनेट, फोन मिळून महिना ३,००० रुपये, हिस्सा ९,००० रुपये. बेरीज ९१,००० रुपये, म्हणजे ९.१ टक्के. यात उधळपट्टीचा एक रुपयाही नाही. ५ टक्क्यांच्या हिशेबाने मिळाले असते ५०,००० रुपये. त्यातून लेखापालाचा हिस्सासुद्धा निघत नाही.

मी विचारलं, यातली कोणती ओळ नको? ऑडिट नको म्हणणार का? लेखापाल नको म्हणणार का? तुम्हाला दर तिमाहीला विनियोग प्रमाणपत्र हवं असतं, प्रत्येक व्हाउचर हवं असतं, तुमच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला निधी ठरल्याप्रमाणे खर्च झाला असं प्रमाणित करावं लागतं. ते कागद संस्थेत बसून तयार करणारी बाई कोणाच्या पैशातून जेवणार?

मी हे जरा चढ्या आवाजात बोलले. या विषयावर मला थंडपणे बोलता येत नाही. ५ टक्क्यांच्या त्या ओळीने आमच्या क्षेत्रात काय केलंय ते मी जवळून पाहिलंय. कितीतरी संस्थांत लेखापाल कागदावर 'क्षेत्र समन्वयक' असतो आणि कार्यालयाचं भाडं 'प्रशिक्षण साहित्या'त जातं. चांगली, प्रामाणिक माणसं हे करतात, कारण दुसरी वाट ठेवलेली नसते. आणि हे करता करता दमून माणसं सोडून जातात. लेखापाल पहिली जाते, कारण तिचाच पगार कोणत्याही बजेटमध्ये बसत नसतो.

शेवटी ठरलं ते असं. बजेटच्या पानावर टक्केवारीची मर्यादा नाही. 'प्रकल्पाचा सामाईक खर्चातील हिस्सा' असा एक भाग आहे, त्यात प्रत्येक बाब वेगळी लिहायची आणि हिस्सा कोणत्या पद्धतीने काढला ते एका वाक्यात सांगायचं: माणसांच्या वेळेवरून, जागेवरून की प्रकल्पांच्या आकारावरून. ज्या फंडरला काही बाबी द्यायच्या नसतील त्याने त्या बाबींसमोर तसं लिहायचं. म्हणजे 'नाही' म्हणायचं तर ऑडिटला म्हणतोय की विजेला, हे म्हणणाऱ्यालाही दिसतं. एक कंपनी यातून बाहेर राहिली, तिच्या मुख्यालयाचं धोरण वेगळं होतं. बाकीच्यांनी मान्य केलं.

बजेटलाच जोडून एक छोटी पण कळीची भर पडली: 'प्रकल्पातून उभी राहणारी मालमत्ता कोणाच्या नावावर असेल?' २०२१ च्या नियमांप्रमाणे सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी आपल्या नावावर ठेवू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्था, लाभार्थींचे बचत गट किंवा समूह, नाहीतर सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे जावी लागते. आमच्यासाठी हा प्रश्न फार उपयोगाचा ठरला. पाड्यावर टाकी बांधली, सोलर पंप बसवला, आणि दोन वर्षांनी पंप बिघडला तर दुरुस्ती कोणाची? ग्रामपंचायतीचा ठराव आधीच घेतलेला असेल तर वाद होत नाही. अर्जातच विचारल्यामुळे संस्था आता ठराव आधी घेतात, पाइप नंतर आणतात.

मग आली लाभार्थींची संख्या.

सुरगाणा आणि पेठ हे धो-धो पावसाचे तालुके, आणि एप्रिल-मेमध्ये तिथेच बायका झिऱ्यावर वाटी-वाटीने पाणी भरतात. दिवाळीनंतर कितीतरी घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. जानेवारीत पाड्यावर मोजलं तर एक आकडा येतो, जुलैत मोजलं तर दुसरा. जुन्या अर्जात दोनच चौकटी होत्या: 'प्रत्यक्ष लाभार्थी' आणि 'अप्रत्यक्ष लाभार्थी'. दुसऱ्या चौकटीत काय लिहायचं हे कोणालाच ठाऊक नसल्याने पहिल्या आकड्याला पाचने गुणायची प्रथा पडली होती. एकच बाई पाणी समितीत, आरोग्य शिबिरात आणि बचत गटाच्या प्रशिक्षणात असेल तर ती तीनदा मोजली जायची, आणि तिच्या घरचे तीन पंचे पंधरा. कंपनीच्या वार्षिक अहवालात हे आकडे मोठ्या अक्षरात छापून यायचे. त्या संख्येवर विसंबून पुढच्या वर्षी कोणाला किती निधी हे ठरायचं. पाड्यांवर विखुरलेल्या लोकांत काम करणाऱ्यांचा आकडा नेहमीच छोटा दिसणार, शहरातल्या एका शाळेत शिबिर घेणाऱ्यांचा मोठा. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते बैठकीत तसंच म्हटलं.

अप्रत्यक्ष लाभार्थींची चौकट काढायला फंडर सहज तयार झाले. त्यांनाही त्या आकड्यावर विश्वास नव्हता. पण संख्या हवीच, कारण संचालक मंडळापुढे ती ठेवावी लागते. मग प्रश्नाचे दोन भाग केले. किती माणसं, आणि ती कशी मोजली. दुसऱ्या भागाला जागा जास्त दिली. आमच्या अर्जात आता आम्ही लिहितो की पाड्यावरची घरं पावसाळ्यात मोजली, त्यापैकी इतकी घरं उन्हाळ्यात गावात असतात, आणि पाण्याचा उपयोग त्या घरांना सर्वाधिक होतो. तीन वाक्यांत त्या पाड्याचं वर्ष कळतं. एका कंपनीच्या अधिकाऱ्याने हे वाचून पुढच्या भेटीची तारीख बदलली. तो फेब्रुवारीऐवजी मेमध्ये आला, आणि झिऱ्यावरची रांग त्याने डोळ्यांनी पाहिली.

कागदपत्रांच्या यादीवर फार लिहीत नाही. पॅन, १२ए, ८०जी, सीएसआर-१, दर्पण (नीती आयोगाचं संस्था-नोंदणी पोर्टल) क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. प्रत्येक नोंदणीसमोर 'वैधता कधीपर्यंत' हा रकाना वाढवला. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, हा प्रश्न घेतला. २०१३ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे आणि जुन्या अर्जात तिचा उल्लेखही नव्हता. एकाच कागदावर खल झाला, तो म्हणजे विश्वस्तांची यादी. फंडरला धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीचा, उतारा हवा असतो. पण विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, आणि तो मंजूर होऊन उताऱ्यावर येईपर्यंत किती काळ जाईल ते संस्थेच्या हातात नाही. काही संस्थांच्या उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं अजून आहेत. फंडरला वाटतं, संस्थेत काहीतरी गडबड आहे. आता उताऱ्यासोबत बदल अर्जाची पोच आणि विश्वस्त मंडळाचा ठराव जोडला की चालतं, असं अर्जातच लिहिलंय. एवढ्या एका ओळीने छोट्या संस्थांचा जीव भांड्यात पडला.

मसुदा तयार झाल्यावर आम्ही तो तालुक्याच्या ठिकाणच्या एका छोट्या संस्थेला भरायला दिला आणि शेजारी बसून पाहिलं. हे मी प्रत्येकाला सुचवेन. बैठकीत जे दिसत नाही ते तिथे पहिल्या अर्ध्या तासात दिसतं.

संस्थेचा कार्यकर्ता मजकूर आधी कृतिदेव या जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून ठेवायचा, कारण तिथल्या टायपिंगवाल्याकडे तेच होतं. तो मजकूर ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसायचा. त्याने तसे अर्ज पूर्वी पाठवलेही होते आणि उत्तर आलं नाही म्हणून नशिबाला दोष दिला होता. फॉर्मच्या सुरुवातीला आता युनिकोडची सूचना आहे, आणि जुन्या फॉण्टमधला मजकूर बदलून देण्याची जबाबदारी आमच्या गटातल्या एका संस्थेने घेतली आहे.

दुसरी गोष्ट आणखी बारीक. प्रश्नांना १,५०० कॅरेक्टरची मर्यादा होती आणि त्याचं उत्तर अर्ध्यावरच अडत होतं. आम्ही मोजून पाहिलं. 'संस्थेची' हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. संगणक मात्र स, अनुस्वार, पुन्हा स, हलन्त, थ, मात्रा, च, वेलांटी असे आठ मोजतो. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याची निम्मी जागा काना-मात्रा-वेलांट्यांत जात होती, आणि आपण पाल्हाळ लावतोय असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं. सगळ्या मर्यादा आम्ही शब्दांत बदलल्या.

भाषेचा मुद्दा मात्र पूर्ण सुटला नाही. अर्ज मराठीत भरला तरी चालेल हे सगळ्यांनी मान्य केलं. पण संचालक मंडळापुढे इंग्रजी सारांश लागतो. तो कोणी करायचा? न्यासांनी सांगितलं, आम्ही करू. एक कंपनी तयार झाली. बाकीच्यांनी संस्थेकडूनच मागितला. ज्याला गरज त्याने भाषांतर करावं, असं माझं मत आहे. कंपनीकडे माणसं आहेत, पेठच्या संस्थेकडे नाहीत. हा मुद्दा मी पुढच्या वर्षीही मांडणार आहे.

त्या कार्यकर्त्याला हवा होता दीड लाखाचा निधी. मुलांच्या अभ्यासिकेसाठी. त्यासाठी तो तोच अर्ज भरत होता जो २५ लाखांच्या प्रकल्पाला भरतात. २००८ मध्ये अमेरिकेत प्रोजेक्ट स्ट्रीमलाइन नावाचा एक उपक्रम झाला होता, अनुदानाच्या कागदी ओझ्याचा अभ्यास करणारा. त्यात निव्वळ अनुदानाची कल्पना मांडलेली आहे: मिळालेल्या रकमेतून ती मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च वजा केला की जे उरतं ते खरं अनुदान. आमच्या सीए बाईंनी ही कल्पना बैठकीत सांगितली आणि अभ्यासिकेच्या अर्जावर लागलेले तास मांडून दाखवले. त्यानंतर लहान अर्ज वेगळा करायला कोणी विरोध केला नाही. ३ लाखांपर्यंतच्या मागणीला आता दोन पानं. नोंदणीची माहिती, काय करणार, किती खर्च, कोणाला भेटून हे काम पाहता येईल. एवढंच.

मला स्वतःला या अर्जातला सर्वांत आवडलेला भाग आहे तो पहिलं पान, आणि ते संस्थेने भरायचं नाही. ते फंडरने भरायचं आहे. कोणत्या विषयांना निधी देता, कोणत्या तालुक्यांत देता, साधारण किती रकमेपर्यंत, निर्णय कोणत्या महिन्यांत होतो, पहिला हप्ता मंजुरीनंतर किती दिवसांत येतो, एका वर्षापुरताच देता की चालू प्रकल्प म्हणून पुढेही, आणि प्रश्न असल्यास फोन कोणाला करायचा. नाकारलेल्या अर्जाला एका ओळीत कारण देणार, यावर खाली सही.

हे पान सुचवलं तेव्हा कपाळावर आठ्या आल्या. "बोर्डाची मीटिंग कधी लागेल ते आमच्याही हातात नसतं," असं एक जण म्हणाले. मी म्हटलं, "सर, महिना सांगा, तारीख नको. टाकी बांधायची तर पावसाच्या आधी बांधावी लागते. मार्चअखेरीस वर्षाचा निधी संपवायचा म्हणून तुम्ही फेब्रुवारीत मंजुरी देता आणि ३१ मार्चपर्यंत खर्च मागता. सहा आठवड्यांत कुठली टाकी उभी राहते?" चालू प्रकल्पाची, म्हणजे एका वर्षापुढे चालणाऱ्या कामाची, तरतूद नियमातच आहे. न खर्च झालेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि तीन वर्षांत वापरायची. मार्चची घाई टाळायला कायद्याने वाट ठेवलेली आहे, फक्त प्रकल्प मंजूर करताना तो 'चालू' म्हणून मंजूर करावा लागतो. अर्जाच्या पहिल्या पानावर ती चौकट असल्यामुळे हा प्रश्न आता सुरुवातीलाच निघतो. पाण्याच्या कामांना पूर्वी एक वर्ष मिळायचं, आता दोन वर्षांची मंजुरी मिळू लागली आहे. सगळ्यांकडून नाही, पण मिळू लागली आहे.

नकाराचं कारण देण्याचा शब्दही बऱ्यापैकी पाळला जातोय. अभ्यासिकेचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण त्या फंडरचं क्षेत्र तालुक्याच्या सीमेपाशी संपत होतं. ते एका ओळीत कळल्यावर कार्यकर्त्याने तोच अर्ज दुसऱ्या न्यासाकडे दिला आणि तिथे मंजूर झाला.

आता अहवालाच्या नमुन्याचं काम हाती घेतलंय. अर्ज एक झाला तरी अहवाल अजून प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि लेखापालाचा खरा वेळ तिथे जातो. सर्वांत मोठा वाद फोटोंचा आहे. जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो सगळ्यांना हवेत, आणि पाणी भरणाऱ्या बायकांचे चेहरे त्यात स्पष्ट हवेत असंही काहींचं म्हणणं आहे. टाकीचा, नळाचा, पंपाचा फोटो पुरावा म्हणून पुरेसा आहे असं आम्ही म्हणतो. पुढची बैठक नाशिकला न घेता पेठमधल्या एका पाड्यावर घ्यायचं ठरलंय, म्हणजे ज्यांचे फोटो काढायचे त्या बायकांनाही यावर काय म्हणायचंय ते तिथेच विचारता येईल.